वाटांचें जाळें : बेल्जियममधील लिंबर्ग प्रांताचे सायकलमार्ग

आपल्या शाळेंत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळजण रोज आसपासच्या खेड्यांतून सायकलीवर येतात. त्यांस कोणी वाट दाखवावी लागत नाहीं. कोणत्या बांधाशीं वळावें, कोणत्या ओढ्यांत उतरून सायकल हातीं धरावी, हें सारें त्यांच्या अंगवळणीं पडलेलें असतें. परंतु याच विद्यार्थ्यांस दहा कोसांवरील परक्या मुलुखांत नेऊन सोडिलें, तर पहिल्याच तिठ्यावर त्यांस खालीं उतरून कोणास तरी विचारावें लागेल, आणि "हें काय, त्या वडाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर" असें उत्तर ऐकून पुढें निघावें लागेल. ती हाक कधीं फर्लांगभर पोहोंचते, तर कधीं दीड कोस! तात्पर्य, रस्ता असणें ही एक गोष्ट आहे व तो परक्यास सांपडणें ही दुसरी. पहिलीस खडी, डांबर व पैसा लागतो. दुसरीस मुख्यत्वें विचार लागतो. या दुसऱ्या गोष्टीचा उलगडा युरोपखंडांतील एका लहानशा ग्रामीण प्रांतानें कसा केला, हें वाचकांस सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

बेल्जियम देशाच्या ईशान्य कोपऱ्यांत लिंबर्ग नांवाचा प्रांत आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें २,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोमंतकाच्या दोनतृतीयांशाएवढें भरतें. याच नांवाचा दुसरा एक प्रांत शेजारच्या नेदरलँड्स देशांत आहे; १८३९ सालीं मूळ मुलुखाची वांटणी होऊन ते दोन झाले. येथें आपणांस कर्तव्य आहे तें बेल्जियममधील लिंबर्गशीं. तेथील लोकांची भाषा डच असून प्रांताचें मुख्य शहर हासेल्ट हें होय. प्रांताचे स्वभावतःच तीन भाग पडतात. उत्तरेकडील केम्पेन हा भाग रेताड व नापीक असून त्यावर मैलच्या मैल खुरटीं झुडुपें उगवतात व उन्हाळ्याच्या अखेरीस तीं जांभळ्या फुलांनीं भरून जातात. दक्षिणेकडील हास्पेनगाऊ हा भाग याच्या अगदीं उलट. तेथील माती सुपीक असून सफरचंद, नासपती व चेरी यांच्या बागा दूरवर पसरल्या आहेत. पूर्वेस मास नदी वाहते व बऱ्याच अंतरापर्यंत तीच दोन देशांमधील सीमा होय.

सायकलमार्गांची गोष्ट समजण्यासाठीं प्रथम कोळशाची गोष्ट समजली पाहिजे. १९०१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत केम्पेनमधील आस नांवाच्या खेड्याजवळ आंद्रे ड्यूमाँ या भूगर्भशास्त्रज्ञाच्या खटपटीस यश येऊन जमिनीच्या पोटांत खोलवर कोळसा सांपडला. ज्या माळावर मेंढ्यांखेरीज फारसें कांहीं पोसलें जात नव्हतें, त्यावर पुढें सात मोठ्या खाणी उभ्या राहिल्या. मजुरांसाठीं नवीं गांवें वसलीं. पोलंड, इटली, ग्रीस, तुर्कस्तान, मोरोक्को अशा दूरदूरच्या देशांतून माणसें तेथें कामास आलीं. खाणींतील भुयारांचीं छतें तोलून धरण्यास लांकडी टेकू लागत. म्हणून रेताड माळांवर पाईन वृक्षांचीं लांबच लांब रानें लावण्यांत आलीं. कोळसा वाहून नेण्यासाठीं लोहमार्ग घातले गेले. अशा रीतीनें साऱ्या मुलुखाचें रूप एका कोळशानें पालटून टाकिलें.

परंतु कालांतरानें खनिज तेल व परदेशचा स्वस्त कोळसा यांपुढें येथील खोल खाणींचा टिकाव लागेना. १९६६ सालीं झ्वार्टबर्गची खाण बंद करण्याचें ठरलें, तेव्हां मोठा क्षोभ होऊन त्यांत दोन माणसें प्राणास मुकलीं. अखेरची खाण झोल्डर येथील. तीहि १९९२ च्या सप्टेंबरांत बंद झाली. ज्यांच्या बापआज्यांनीं खाणींत जन्म घालविला, अशा हजारों कुटुंबांपुढें आतां पुढें काय, हा प्रश्न उभा राहिला. कारखाना गेला, तर त्याच्या जागीं दुसरा कारखाना आणावा, हें कोणासहि सुचतें. परंतु या प्रांतांतील कांहीं विचारी माणसांनीं आणखी एक प्रश्न केला : खाणी गेल्यावर आपल्यापाशीं उरलें तें काय ?

उरलें होतें तें पुष्कळ होतें. मात्र तें विखुरलेलें होतें. शेतांमधून गेलेल्या अरुंद पक्क्या वाटा होत्या. टेकूंच्या लांकडासाठीं लावलेलीं पाईनचीं रानें होतीं व त्यांतून लांकूडतोड्यांचे रस्ते गेले होते. कालव्यांचे कांठ होते. यांपैकीं १८२६ सालीं खुला झालेला झाउड-विलेम्सफार्ट हा कालवा ज्या काळांतला, त्या काळीं नावा घोड्यांकडून दोरीनें ओढविल्या जात. त्या घोड्यांसाठीं पाण्याच्या कडेनें सपाट वाट राखिलेली असे. घोडे गेले, वाट राहिली. मास नदीचे बांध होते. आगगाड्या बंद पडून गवताखालीं गेलेले लोहमार्ग होते. आणि सायकलस्वारास लोहमार्गासारखी दुसरी सोयीची जागा नाहीं, कारण इंजिनास चढ सोसत नाहीं व सायकलस्वाराच्या पायांसहि तो सोसत नाहीं. हें सर्व असूनहि परगांवचा माणूस येथें सायकल घेऊन येण्यास बिचकत असे. एक सुंदर वाट दोन मैल जाऊन मोटारींच्या हमरस्त्यावर संपे, आणि दुसरी सुंदर वाट जवळच कोठें तरी सुरू होई. पण ती कोठें, हें सांगणारें कोणी नसे.

वाटसरूस मार्ग दाखविण्याच्या जुन्या पद्धति दोन. पहिली पद्धति गांवांच्या नांवांची. शेजारच्या नेदरलँड्समध्यें १८८३ सालीं सायकलस्वारांचा एक संघ स्थापन झाला होता. त्यानें १९१९ सालापासून वाटांच्या तिठ्यांवर भूछत्राच्या आकाराचे बुटके खांब रोंवले व त्यांवर गांवांचीं नांवें व अंतरें लिहिलीं. हे खांब आजहि दिसतात व ते उपयुक्त आहेत. परंतु ज्यास गांवांचीं नांवें अगोदर ठाऊक आहेत, त्यासच त्यांचा पुरता उपयोग होतो. दुसरी पद्धति ठराविक फेरीची. कोणी तरी तीस-चाळीस किलोमीटरांची एक फेरी आंखावी, तिला एक सुरेख नांव द्यावें व तिच्या वाटेवर एकाच प्रकारच्या पाट्या ठोकाव्या. या पद्धतींत वाट चुकत नाहीं. परंतु जो फेरीस लागला त्यानें ती पुरी केलीच पाहिजे. मध्येंच पाऊस आला, लहान मूल थकलें, किंवा उलट अंगांत हुरूप उरला, तर फेरी आंखूड वा लांब करण्याची सोय नाहीं. शिवाय जितक्या फेऱ्या, तितके पाट्यांचे संच. आणि एकाच कोपऱ्यावर चार फेऱ्यांच्या चार पाट्या लटकूं लागल्या म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ ठरलेला.

या अडचणींतून वाट काढणाऱ्या गृहस्थाचें नांव ह्यूगो बोलेन. हे खाणींचे अभियंते होते व पुढें त्या भागांतील निसर्गरक्षणाच्या एका संस्थेचें काम पाहूं लागले होते. भूमीच्या पोटांत भुयारांस भुयारें फुटतात. तेथें सूर्य नाहीं, झाड नाहीं, देऊळ नाहीं, कीं ज्याच्या खुणेनें मनुष्यानें दिशा ओळखावी. म्हणून भुयारें जेथें एकमेकांस मिळतात, त्या जागांस आंकडे देण्याची रीत खाणींत असते. जी युक्ति भूमीखालीं अंधारांत चालते, ती भूमीवर उजेडांत कां चालूं नये, असा विचार बोलेन यांनीं केला. खाणी बंद पडल्या, पण खाणकामांतील एक शहाणपण अशा रीतीनें वर आलें. १९९५ सालीं लिंबर्ग प्रांतांत या पद्धतीचें पहिलें जाळें खुलें झालें.

त्याची रचना अशी. सायकलीस योग्य अशा दोन वा अधिक वाटा जेथें मिळतात, त्या जागेस डच भाषेंत जो शब्द योजिला आहे, त्याचा अर्थ गांठीची जागा असा होतो. आपणहि तिला गांठ म्हणूं, कारण मराठींत गांठणें याचा अर्थ पोहोंचणें असाहि आहेच. प्रत्येक गांठीस एक आंकडा दिलेला असतो व तो तेथील पाटीवर ठळक लिहिलेला असतो. त्याच ठिकाणीं बाण असतात आणि प्रत्येक बाणापाशीं त्या दिशेनें लागणाऱ्या पुढच्या गांठीचा आंकडा असतो. दोन गांठींच्या दरम्यान जेथें जेथें वळण किंवा फांटा येतो, तेथें तेथें पुढच्या गांठीचा आंकडा पुन्हां दिसतो. गांठीवर बहुधा नकाशाहि लाविलेला असतो.

समजा, तुम्ही गांठ क्रमांक २० पासून निघालां आहां. (हे आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.) निघण्यापूर्वीं नकाशा पाहून तुम्ही चिटोऱ्यावर लिहितां : २०, २३, ५१, ५४, ५७, २०. दोन गांठींमधील अंतरें नकाशावर छापलेलीं असतात. त्यांची बेरीज केली कीं किती किलोमीटर जावयाचें तें समजतें. चिटोरा सायकलीच्या मुठीशीं बांधिला कीं झालें. प्रत्येक वेळीं लक्षांत ठेवावयाचा तो एकच आंकडा. ५१ वर पोहोंचल्यावर आभाळ भरून आलें, तर तेथल्या नकाशावर जवळची वाट पाहून परत फिरावें. ऊन चांगलें असलें, तर आणखी दोन गांठी पुढें जावें. फेरी कोणी दुसऱ्यानें ठरविलेली नसते, ज्याची त्यानें ठरवावी. कोठूनहि आरंभ करावा, कोठेंहि संपवावी, कोणत्याहि दिशेनें जावें.

या साध्या योजनेच्या पोटीं जें गणित आहे, तें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं अवश्य करून पाहावें. चौकटीच्या कागदावर तीन ओळींत तीन-तीन अशा नऊ गांठी काढा व शेजारच्या गांठी एकमेकींस रेघांनीं जोडा; बारा रेघा होतील. आतां कोणतीहि गांठ दोनदां न ओलांडतां निघाल्या जागीं परत येण्याच्या निरनिराळ्या फेऱ्या मोजा. त्या १३ भरतात. हेंच चार ओळींत चार-चार अशा सोळा गांठींचें करा. रेघा २४ च होतील, परंतु फेऱ्या २१३ होतील. म्हणजे रस्ते दुप्पट झाले, तर फेऱ्या सोळापटींहून अधिक वाढल्या. जुन्या पद्धतीनें या २१३ फेऱ्या दाखवावयाच्या म्हटल्या, तर पाट्यांचे २१३ संच लागले असते. आंकड्यांच्या पद्धतींत मात्र सोळा गांठींवरील पाट्या व वाटेवरील बाण एवढ्यानें काम भागतें. जाळ्याचें सामर्थ्य धाग्यांच्या लांबींत नसून गांठींत असतें, हें कोळ्याच्या मुलास सांगावें लागत नाहीं.

आंकड्यांचा दुसरा गुण असा कीं, त्यांस भाषांतर लागत नाहीं. बेल्जियम हा बहुभाषी देश आहे. ज्या नदीस डच लोक मास म्हणतात, तिलाच फ्रेंच लोक म्यूज म्हणतात. लिंबर्गच्या दक्षिणेस जें मोठें शहर आहे, तें फ्रेंचांचें लिएज, डचांचें लाउक व जर्मनांचें ल्यूटिख. एकाच गांवाच्या तीन नांवांत परका सायकलस्वार हरवून जावयाचा. पण ५४ हा आंकडा सर्वांस सारखाच वाचतां येतो.

आतां सोयींविषयीं. लिंबर्गमधील जाळ्याची लांबी सुमारें २,००० किलोमीटर आहे. एवढे रस्ते कोणी नव्यानें बांधिले नाहींत. बहुतांशीं जे होते तेच निवडून घेतले, आणि जेथें दोन चांगल्या वाटांमध्यें खंड पडत होता, तेथें तुकडे घालून ते सांधिले. खाणींस जोडणाऱ्या जुन्या कोळशाच्या लोहमार्गाच्या कांहीं भागावर आज सायकली धांवतात. दक्षिणेस सिंट-ट्राउडन व टोंगेरन यांच्या दरम्यान फळबागांमधून जाणाऱ्या जुन्या लोहमार्गाच्या जागींहि सायकलमार्ग झाला आहे. वसंतांत झाडें फुलांवर आलीं म्हणजे तेथें विशेष गर्दी असते. मास नदीवर ठिकठिकाणीं लहान होड्या असून त्या मोसमांत माणसांस सायकलींसह पैलतीरीं, म्हणजे दुसऱ्या देशांत, नेऊन सोडतात. जाळ्यांत प्रवेश करण्याचीं कांहीं ठिकाणें मुद्दाम ठरविलेलीं आहेत. तेथें मोटार उभी करण्यास जागा, भाड्याच्या सायकली, दुरुस्तीचीं साधनें, खाण्यापिण्याची सोय व नकाशे मिळतात. वाटेवर बसण्यास बांकें असतात. या सोयींमुळें खेड्यांतील खाणावळवाला, दुरुस्तीवाला व घरच्या दोन खोल्या प्रवाशांस देणारी गृहिणी यांच्या हातीं चार पैसे पडूं लागले. खाणीनें जेवढ्यांस काम दिलें, तेवढ्यांस तें सायकलनें दिलें असें कोणी म्हणूं नये. परंतु मोटारीचा प्रवासी ज्या खेड्यांतून धूळ उडवीत निघून जाई, तेथें सायकलचा प्रवासी थांबूं लागला, हेंहि लहान नव्हे.

जाळें रुजल्यावर त्यांत कांहीं नवलाच्या जागाहि निर्माण करण्यांत आल्या. गेंक शहराजवळ बोक्रेक येथें मत्स्यपालनाचीं जुनीं तळीं आहेत. २०१६ सालीं त्यांपैकीं एका तळ्याच्या मधोमध २१२ मीटर लांब व ३ मीटर रुंद अशी खोलगट वाट दोन भिंतींमध्यें काढण्यांत आली. तींतून जातांना दोन्ही बाजूंचें पाणी जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर येतें व बदकें कानाशीं पोहत असल्याचा भास होतो. २०१९ सालीं हेख्टेल-एक्सेल येथील रानांत ७०० मीटर लांबीचा एक वर्तुळाकार पूल उभारला गेला. त्यावर हळूहळू चढत सायकलस्वार झाडांच्या शेंड्यांलगत १० मीटर उंचीवर जातो. हीं रानें पाईनचीं आहेत, आणि येथील पाईन लाविले गेले ते खाणींच्या टेकूंसाठीं, हें आपण वर पाहिलेंच. जें झाड भुयारांत गाडलें जावयाचें, त्याच्या शेंड्याशीं आज मुलें सायकल नेतात. २०२१ सालीं पूर्वेकडील माळरानावर, होगे केम्पेन या राष्ट्रीय उद्यानांत, असाच एक पूल झाला. त्यामुळें मोटाररस्ता ओलांडण्याचा धोका टळला.

परंतु कोणतेंहि जाळें एकदां विणलें कीं काम संपलें असें होत नाहीं. एक बाण वाऱ्यानें फिरला किंवा खोडकर मुलांनीं फिरविला, तर साऱ्या व्यवस्थेवरील विश्वास उडतो. कारण ज्यानें आंकड्यांवर भरंवसा टाकिला, त्यानें गांवांचीं नांवें लक्षांत ठेवलेलींच नसतात. म्हणून तिकडील कित्येक प्रांतांत स्वयंसेवकांकडे वाटेचा एकेक भाग सोंपविलेला असतो. ते वेळोवेळीं त्या भागांतून फिरून पडलेल्या पाट्या, झुडुपांनीं झांकलेले बाण व उखडलेल्या जागा कळवितात. या स्वयंसेवकांस तेथील भाषेंत जें नांव आहे, तें बाप्तिस्म्याच्या वेळीं बालकाची जबाबदारी पत्करणाऱ्या धर्मपित्याचें व धर्ममातेचें होय. वाटेचाहि कोणी तरी वाली असावा लागतो, ही समजूत मोठी मार्मिक आहे. या पद्धतीस मर्यादाहि आहेत. नुसता आंकडा वाटेचें सौंदर्य सांगत नाहीं, जवळचा दवाखाना कोठें आहे हें सांगत नाहीं. आणि सुटीच्या दिवशीं अरुंद वाटेवर पादचारी व सायकलस्वार यांची गर्दी झाली, तर ती आंकड्यांनीं मिटत नाहीं. त्यासाठीं रुंद वाट व चालविणाऱ्याची सभ्यता हीं दोन्हीं लागतात.

लिंबर्गचें पाहून बेल्जियमच्या डचभाषी भागांतील इतर प्रांतांनीं व नेदरलँड्सनें ही पद्धति स्वीकारिली. जर्मनीच्याहि कांहीं भागांत ती गेली, आणि पायीं हिंडणाऱ्यांसाठींहि तशींच जाळीं झालीं. आतां खिशांतील दूरध्वनीवर नकाशा दिसतो. मग पाट्या कशास, असें कोणी म्हणेल. परंतु दूरध्वनीवर मार्ग आंखणारेहि याच गांठींचे आंकडे घेतात. शिवाय पाटीस वीज लागत नाहीं व ती पावसांत बंद पडत नाहीं.

आपल्याकडील परिस्थिति निराळी आहे. आपला मुलूख चढउताराचा आहे, पावसाळा प्रचंड आहे, आणि येथें सायकल बहुधा हौसेकरितां नसून शाळा, बाजार व काम यांकरितां चालते. तेव्हां लिंबर्गची नक्कल करावी असें सुचविण्याचा हेतु नाहीं. घ्यावयाचें तें त्या लोकांच्या पहिल्या प्रश्नांतून घ्यावें : आपल्यापाशीं अगोदरच काय आहे ? आपल्या भोंवतीं गाडीवाटा आहेत, पाणंदी आहेत, शिवरस्ते आहेत, कालव्यांच्या भरावावरील वाटा आहेत. यांपैकीं कोणती कोणत्या महिन्यांत चालूं असते, कोणती कोठें तुटते, आणि किती हातांचा तुकडा नीट केला तर दोन खेड्यांमधील मुलांस हमरस्त्यावरील मालमोटारींपासून दूर राहून शाळेस येतां येईल, हें एका कागदावर मांडलेलें सहसा आढळत नाहीं. भूगोलाच्या वहींत गंगा-यमुना रेखाटणाऱ्या हातांस हें काम जड नाहीं. दहावीस विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत आपापल्या शिवारांतील तिठे व चौक मोजून, त्यांस आंकडे देऊन, मधलीं अंतरें लिहून आणिलीं, तर ते सर्व कागद एकत्र जोडून शाळेच्या भिंतीवर लावतां येतील. नकाशा झाला म्हणजे रस्ता झाला असें नव्हे. परंतु कोणता खड्डा प्रथम बुजवावा, हें ग्रामपंचायतीपुढें बोट ठेवून दाखवितां येईल, आणि तेवढ्यावरून एखाद्या धाकट्या भावाची वा बहिणीची शाळेची वाट निर्धोक झाली, तर त्या सुटीचें सार्थक झालें असें समजावें.